रविवारी बसू

वॉर्डात तिला सगळे चिमणी म्हणत. उभ्याउभ्या डब्यातले चार घास टिपायची, तोंड पुसायची आणि भुर्रकन पुढच्या खाटेकडे. हे नाव ठेवलं ताईनं. ताई सख्खी बहीण नव्हे, त्याच वॉर्डातली जुनी नर्स, चिमणीहून बरीच मोठी. चिमणी नोकरीला नवीन लागली तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंना सलाईन लावताना तिला शीर सापडेना. दोनदा टोचून झालं, बाई कळवळल्या, चिमणीचेच डोळे भरून आले. तेवढ्यात ताई शेजारी येऊन उभी राहिली आणि त्या बाईंना म्हणाली, "आजी, ही पोर तुमच्यापेक्षा जास्त घाबरलीय. तिला जरा धीर द्या बघू." आजींना हसू आलं, आवळलेला हात सैल पडला आणि शीर सापडली. तेव्हापासून ती चिमणीची ताई झाली.

पुढं शिकायची कल्पनाही ताईचीच. नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं, म्हणजे रुग्ण आपण तपासायचा, काय झालंय ते आपण ठरवायचं आणि औषध आपल्या सहीनं लिहून द्यायचं. "आयुष्यभर दुसऱ्याचं अक्षर लावण्यात गेलं," ताई म्हणायची. "आता आपलं अक्षर दुसऱ्याला लावू दे." ड्यूटी संपली की कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर पाय वर घेऊन, दोघी एकमेकींना प्रश्न विचारत बसायच्या. प्रवेश परीक्षा दोघींनी दिली. दोघी पास झाल्या. ताईला गुण जास्त होते.

पण मेट्रनबाईंनी दोघींना समोर उभं केलं आणि सांगितलं, "एकीलाच सोडता येईल. दोघी एकदम गेलात तर वॉर्ड काय मी एकटी सांभाळू? आपसात ठरवा आणि मला सांगा."

जिन्यातच ताई म्हणाली, "तू जा."

"असं कसं? तू मोठी आहेस. गुण तुझे जास्त."

"बाबांचं ऑपरेशन आत्ताच झालंय. पोराची शाळा आहे. दोन वर्षांनी पुढची तुकडी निघेल तेव्हा मी जाईन."

"तेव्हा परत परीक्षा द्यावी लागेल, ताई. आणि वयाची अट आहे. ती तुझी शेवटची संधी असेल."

"मग तू आहेस ना शिकवायला! सगळं आयतं मिळेल मला."

चिमणी नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा ताईनं विषय काढला तेव्हा ती गप्प राहिली. ताईला काय समजायचं ते समजलं आणि तिनं मेट्रनबाईंना चिमणीचं नाव कळवून टाकलं.

ती दोन वर्षं म्हणजे तारेवरची कसरत होती. इतकी वर्षं चिमणीला सांगितलेलं काम चोख करायची सवय. आता सांगणारं कोणी नाही, आपणच ठरवायचं. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला काय काय विचारायचं, कुठं हात ठेवायचा, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही. वर्गातल्या पोरी तिच्याहून लहान, भराभर लिहिणाऱ्या. आठवड्याचे शेवटचे दोन दिवस ती वॉर्डात ड्यूटी करायची, कारण नवऱ्याच्या छापखान्यातल्या पगारावर घर चालत नव्हतं. तिचा क्लास आणि ड्यूटी एकावर एक आली की ताई आपली पाळी बदलून द्यायची. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ताईच जाऊन बसली. घरी आल्यावर सासूबाई चिमणीच्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझी सून कोण, हे विसरायला लागलेय मी." हसले सगळे. चिमणीही हसली.

निकाल लागला त्या दिवशी ताईनं वॉर्डभर पेढे वाटावेत तशी बातमी वाटली. ज्यांना ऐकू येत नव्हतं अशा पेशंटनाही कानाशी जाऊन सांगितलं.

चिमणीला शहराच्या टोकाच्या एका दवाखान्यात जागा मिळाली. इमारत बैठी, समोर सायकली लावायला लोखंडी दांडा, आत एक लांब बोळ आणि बोळाच्या दोन्ही कडांना बाकं. खिडकीवर केसपेपर देणारे काका होते. आणखी दोन दवाखाने सांभाळणारे एक डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस सकाळी यायचे. बाकी सगळं चिमणीनं बघायचं.

पहिल्याच सकाळी एक गृहस्थ आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डॉक्टर कधी येणार?"

"मी तपासते ना. काय होतंय?"

त्यांनी सगळं सांगितलं. तिनं छाती तपासली, घसा पाहिला, औषध लिहिलं, कसं घ्यायचं ते समजावलं. गृहस्थांनी कागद नीट घडी घालून खिशात ठेवला आणि उठताना म्हणाले, "आभारी आहे, सिस्टर. मग डॉक्टर कधी येणार?"

हे तिनं ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. पण तसे हसायचे दिवस थोडेच होते. बोळ सकाळी भरायचा तो दुपार टळली तरी भरलेलाच. एका पेशंटसाठी जेवढा वेळ ठरवून दिला होता, तेवढा वेळ काही म्हाताऱ्यांना खुर्चीत बसून स्वेटर काढायलाच लागायचा. त्यात रक्ताचे रिपोर्ट वाचायचे, ज्यांचे बिघडलेले असतील त्यांना फोन करायचे, जुन्या पेशंटची औषधं पुढं चालू ठेवायची का ते बघायचं. पेशंट दाराबाहेर गेला की तिच्या डोक्यात सुरू व्हायचं: छातीत जळजळ म्हणाला, ती ॲसिडिटीच असेल ना? डाव्या हाताचं विचारलं का मी? विचारलं. विचारलं ना?

डॉक्टर तसे वाईट नव्हते. पहिल्या दिवशी म्हणाले, "अडलं तर केव्हाही फोन कर." पण तीन दवाखान्यांची ओझी वाहणारा माणूस. फोन उचलला की त्यांच्या मागून पोराचं रडणं ऐकू यायचं, आणि "हं, बोल लवकर" असं म्हणायचे. बोलून झालं की, "तुला काय वाटतं? मग तसं कर." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं चिमणीला वाटायचं. हळूहळू तिनं फोन करणं कमी केलं आणि त्याऐवजी पुस्तकं घरी न्यायला सुरुवात केली. जेवताना एका हातात पुस्तक. नवरा समोर बसून एकटाच बोलायचा आणि मग एकटाच गप्प व्हायचा.

अशात ताईची वेळ आली. नव्या तुकडीची परीक्षा जाहीर झाली. मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला होता, औषधांचा एक मोठा भाग नव्यानं घातला होता. ताईचा फोन आला. आवाजात लहान मुलीसारखी घाई. "मास्तरीणबाई, कधी सुरू करायचं?"

"रविवारी बसू," चिमणी म्हणाली. "दर रविवारी."

पहिला रविवार छान गेला. ताई नवी वही घेऊन आली होती, पेन्सिलींना टोक काढून. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघी बसल्या. ताईला वाचलेलं आठवत होतं, पण प्रश्न उलटा विचारला की ती गोंधळायची. "अगं, पेशंट समोर असला तर मला लगेच सुचतं. हे कागदावरचे पेशंट मेले बोलतच नाहीत!" मध्येच तिनं पेन्सिल खाली ठेवली. "खरं सांगू? मला भीती वाटते. मागच्या वेळी तू होतीस शेजारी. आता घरी एकटी बसले की पान पुढं सरकत नाही." चिमणीनं तिचा हात धरला. "मी आहे ना." म्हणताना ते तिला अगदी मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या रविवारी तिच्यापुढं रिपोर्टांचा ढीग होता. तिनं फोन केला, "ताई, पुढच्या रविवारी नक्की." ताई म्हणाली, "काही हरकत नाही गं. मी तोवर वाचून ठेवते."

पुढच्या रविवारी ताई आली. चिमणीनं चहा केला, टेबलाशी बसली, आणि ताई लिहून आणलेलं उत्तर वाचून दाखवायला लागली. रक्तदाबाची औषधं, कोणाला द्यायची, कोणाला टाळायची. ताईचा आवाज वॉर्डातल्यासारखाच, सावकाश, मऊ. चिमणी ऐकत होती. मग ऐकू येईनासं झालं.

ती जागी झाली तेव्हा टेबलावर डोकं टेकलेलं होतं आणि अंगावर कोणीतरी पांघरलेली चादर होती. उन्हं भिंतीवरून सरकून गेली होती. चहाचे कप घासून पालथे घातलेले. नवरा दारात उभा होता.

"ताई कुठं गेली?"

"केव्हाच गेली. मी तुला उठवत होतो, तर मलाच दटावलं. म्हणाली, झोपू दे तिला, वॉर्डात पण ही अशी कधी झोपली नाही." त्यानं दिवा लावला. "जाताना मला म्हणाली, तिला जेवायला घालत जा."

चिमणीला शरम वाटली. तिनं लगेच फोन केला, दहादा माफी मागितली. ताईनं थट्टेवारी नेलं. "माझं उत्तर इतकं कंटाळवाणं असेल तर तपासणारा पण झोपेल आणि पूर्ण गुण देईल!"

त्यानंतर मात्र ताईनं आपण होऊन रविवारचं विचारलं नाही. चिमणीनंच म्हणायला हवं होतं. तिनं दोनदा म्हटलंही, आणि दोन्ही वेळा आयत्या वेळी काही ना काही निघालं. ताईचे मेसेज यायचे. "जेवलीस का?" असं वर, आणि खाली एखादी शंका. चिमणी दोन पेशंटच्या मध्ये ते वाचायची आणि घरी जाऊन सविस्तर लिहू म्हणून ठेवून द्यायची. घरी गेल्यावर शब्द सुचायचे नाहीत. दिवसभर ठरवून ठरवून डोकं असं रिकामं व्हायचं की भाजी कोणती करू, हेही नवऱ्यानं विचारू नये असं वाटायचं.

मग ती दुपार आली. दवाखान्यात तापाची साथ होती. बाकं भरून माणसं भिंतीला टेकून उभी होती. आत चिमणीपुढं एक बाई होत्या, त्यांना धाप लागली होती, आणि डॉक्टर फोन उचलत नव्हते. तिनं वाफ दिली, मोठ्या हॉस्पिटलात न्यायला गाडी मागवली. गाडी येतेय का बघायला ती बोळात आली, तर समोर ताई. ड्यूटी संपवून दोन बस बदलून आलेली. हातात वही, वहीत बोट घालून पान धरलेलं.

"चिमणे, तुझी जेवायची सुट्टी असेल म्हणून आले. एकच शंका आहे, उभ्याउभ्या सांग."

"ताई, आत्ता नाही!" चिमणीचा आवाज चढला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तुला दिसत नाही का इथं काय चाललंय? प्रत्येक गोष्ट मीच सांगायची का? थोडं स्वतः पण वाचत जा ना!"

बाकावरची माणसं ताईकडं बघायला लागली. ताईनं वहीतलं बोट काढून घेतलं.

"दिसतंय गं," ती म्हणाली. "माझंच चुकलं. कर तू तुझं काम." आणि बाजूला होऊन, एका उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याला बाकावर जागा करून देऊन, ती निघून गेली.

धाप लागलेल्या बाईंना गाडीत घातलं. त्या वाचल्या. संध्याकाळी पिशवी आवरताना चिमणीला खिडकीवरचे काका म्हणाले, "मघाशी आलेल्या बाई तुमच्या कोण? बाहेर बसस्टॉपवर बराच वेळ बसल्या होत्या. बस आली तरी चढल्या नाहीत. मला वाटलं तुमच्यासाठी थांबल्यात."

आत्ताच ताईच्या घरी जावं असं तिला वाटलं. पण जाऊन बोलणार काय? उद्या शांतपणे जाऊ, असं ठरवून ती घरी गेली. उद्याला परवा झाला. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही हे खरं, पण त्यावर फुंकर तरी लगेच घालायला हवी. दिवस गेले की फुंकर घालायलाही जवळ जाववत नाही. तिनं एक मेसेज पाठवला, "ताई, त्या दिवशी फार वाईट बोलले. रविवारी नक्की बसू." उत्तर आलं, "वेडी आहेस. तब्येत सांभाळ."

परीक्षेची तारीख तिच्या ध्यानातूनच गेली. काकांनी मुलाच्या परीक्षेसाठी रजा मागितली तेव्हा तिला एकदम आठवलं. ताईची परीक्षा होऊन गेली होती. तिनं पेशंट बाहेर थांबवून फोन लावला.

"बरी गेली," ताई म्हणाली. बाकी काही नाही.

निकाल चिमणीला ताईकडून नाही, मेट्रनबाईंकडून कळला. थोड्या गुणांनी गेलं होतं. नव्यानं घातलेल्या औषधांच्या भागातच ताई अडली होती. तो भाग चिमणीला आता तोंडपाठ होता, कारण ती रोज तीच औषधं लिहीत होती.

त्या दिवशी मात्र ती काम टाकून गेली. ताई घरी वडिलांची नखं कापत बसली होती. चिमणीला बघून तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. चिमणी रडायला लागली तर म्हणाली, "पुरे आता. रडायचं मी आणि डोळे तुझे, असं कुठं असतं का? माझंच डोकं गंजलंय. वयच झालं."

"मी तुला शिकवायला हवं होतं, ताई. तुझ्यामुळं मी—"

"तुला वेळ कुठं होता?" ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. चिमणीनं तो शोधला, अगदी मनापासून शोधला, कारण टोमणा असता तर भांडता आलं असतं, भांडून मिटवता आलं असतं. ताईला खरंच तसं वाटत होतं. मग ती वडिलांच्या दुसऱ्या पायाकडं वळली. बोलणं बाबांची तब्येत, पोराची शाळा, भाजीचे भाव असं इकडचं तिकडचं होत राहिलं, पाहुण्यांशी होतं तसं.

काही महिन्यांनी ताईनं वॉर्ड सोडला. एका मोठ्या शाळेत आजारी मुलांच्या खोलीवर नर्स हवी होती. वेळ ठरावीक, रविवार मोकळा. निरोपाच्या दिवशी चिमणीला दवाखान्यातून निघायला उशीर झाला. ती पोचली तेव्हा लोक खुर्च्या आवरत होते.

दवाखान्यातलं काम मग हळूहळू अंगवळणी पडलं. कशाला घाबरायचं हे तिला कळायला लागलं, आणि त्याहून अवघड म्हणजे कशाला नाही, हेही. "डॉक्टर कधी येणार" विचारणारे गृहस्थ आता डॉक्टरांच्या दिवशीही तिच्याच दारासमोर बसायचे. मग वरून दुसरी नर्स प्रॅक्टिशनर मिळाली, नुकतीच पास झालेली मुलगी. तिचे ओठ दिवसभर कोरडे असायचे, आणि पेशंट गेला की ती दाराकडं बघत बसायची. चिमणीनं ते बघणं ओळखलं. ती दवाखान्याच्या अधिकाऱ्यांकडं गेली आणि म्हणाली, दर बुधवारी दुपारी एक तास आमच्या दोघींचं दार बंद राहील. ते म्हणाले, बाहेर रांग असताना? ती म्हणाली, रांग असतेच. बरीच खडाजंगी झाली. डॉक्टरांनी, कधी नव्हे ते, तिची बाजू घेतली. तास मिळाला. त्या तासाला ती त्या मुलीचे सगळे प्रश्न ऐकायची, मूर्खासारखे वाटणारेसुद्धा, आणि एकदाही घड्याळाकडं बघायची नाही. मुलगी एकदा म्हणाली, "मॅडम, तुमच्यासारखं कोणी मिळायला नशीब लागतं." चिमणीला ते ऐकवेना. ती खिडकी उघडायला उठली.

पुढं कुठून तरी कळलं की प्रवेशाची वयाची अट काढून टाकलीय. चिमणीनं त्याच दिवशी अर्धी रजा घेतली आणि ताईची शाळा गाठली.

आजारी मुलांची खोली तळमजल्यावर होती. दोन पलंग, पांढरी कपाटं, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. ताईच्या केसांत पांढरं खूप दिसायला लागलं होतं, पण चेहरा विसावलेला होता. चिमणीनं धावत पायऱ्या चढल्यासारखं सगळं एका दमात सांगितलं. अट गेली. पुस्तकं मी देते. रोज संध्याकाळी मी तुझ्या घरी येते, तू कुठं यायचं नाही. रजा काढते. या वेळी खरंच.

ताईनं ऐकून घेतलं. "तू हे ऐकून लगेच आलीस?"

"लगेच."

"जेवली नसशील."

"ताई, विषय बदलू नको."

ताई थोडा वेळ कपाटाच्या किल्ल्या बोटांवर फिरवत राहिली. "मी तुला बरं वाटावं म्हणून काही बोलणार नाही हं," ती म्हणाली. "तेव्हा मला ते फार हवं होतं. इतकं की बसमध्ये सुद्धा पाठ करायचे. लोकांना वाटायचं ही बाई जप करतेय. पण आता नको गं. जमणार नाही म्हणून नाही, कदाचित जमेलही. हवंसंच वाटत नाही. मी मधूनमधून आत डोकावून बघते, आहे का अजून म्हणून. नाही सापडत."

"माझ्यामुळं," चिमणी म्हणाली.

ताई नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. तिनं चिमणीच्या पाठीवरून हात फिरवला, वॉर्डात पेशंटच्या पाठीवरून फिरवायची तसा, आणि तेवढ्यात दारात एक मुलगी उभी राहिली. गुडघा फुटलेला, डोळ्यांत पाणी, मागं तिचा बूट घेऊन आलेली मैत्रीण. "अगं बाई, कोणाशी कुस्ती खेळलीस?" म्हणत ताई उठली. मुलीला पलंगावर बसवलं, कापूस घेतला, आणि जखम धुताधुता तिला बोलतं केलं.

चिमणी जरा वेळ बघत उभी राहिली. मग "येते ताई" म्हणाली. ताईनं मान न वळवताच म्हटलं, "ये गं. सावकाश जा."

बाहेर मैदानात मुलं ओळीत उभी राहत होती. चिमणीनं फाटकापाशी येऊन दवाखान्यात फोन केला आणि सांगितलं की उरलेली रजा नको, ती अर्ध्या तासात पोचते.